अज्जांची टेप आणि नातवाची तबकडी

लॅमिंग्टन रोड म्हटलं की मुंबईच्या माणसाला सर्किटं, वायरी आणि संगणकाचे सुटे भाग आठवतात. कागदोपत्री तो रस्ता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, पण लोकांच्या तोंडातलं जुनं नाव काही गेलं नाही. आमच्या हुबळीतही एक लॅमिंग्टन रोड आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव दोन्ही गावांनी सांभाळलं. १९५६ साली राज्यं वेगळी झाली, नाव मात्र दोन्हीकडे तेच राहिलं. सीमाभागातल्या माणसांना याचं नवल वाटत नाही. एकच वस्तू दोन घरांत असणं आपल्याला सवयीचंच आहे.

आमच्या मामंजींचं दुकान या रस्त्याला लागून असलेल्या एका बोळात होतं. दुकान म्हणजे काय, आठ फूट बाय दहा फुटांची खोली. १९६६ साली त्यांनी तिथं रेडिओ दुरुस्ती सुरू केली. आधी व्हॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, मग रेकॉर्ड प्लेअर, मग टेपरेकॉर्डर आणि शेवटी टू-इन-वन. मी १९९४ साली बेळगावहून लग्न होऊन आले तेव्हा कॅसेटचे दिवस जोरात होते. माहेरी आम्ही पु. लं.चं कथाकथन आणि प्रल्हाद शिंदे ऐकत असू. सासरी शिशुनाळ शरीफांची पदं आणि सी. अश्वथ. माझं सासर कन्नड, मी मराठी. स्वयंपाकघरात मराठी, सोप्यात कन्नड आणि भांडण लागलं की दोन्ही, असा आमच्या घरचा रिवाज आजही आहे.

मामंजींनी २०१२ साली काम थांबवलं. दुरुस्तीला येणारं काही उरलंच नव्हतं. पण दुकानाचं भाडं ते भरत राहिले. आठवड्यातून दोनदा जायचं, कुलूप उघडायचं, पंखा लावायचा आणि बसायचं. आमचे हे चिडायचे. म्हणायचे, "अप्पा, तिथं काय राखायलाय?" मामंजी काही बोलत नसत. फळीवर बेल्टचे पुडके होते, डब्यांत हेड, पिंच रोलर, मोटारी आणि सुया होत्या. प्रत्येक डब्यावर कन्नडमध्ये बारीक अक्षरांत चिठ्ठी. ते सगळं जणू कुणाची तरी वाट बघत होतं. कुणाची, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

आणि ज्याची वाट बघत होतं तो आमच्याच घरचा निघाला!

माझा मुलगा बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. दोन वर्षांमागे दिवाळीला घरी आला तो बगलेत एक चपटं खोकं घेऊन. मला वाटलं, आजीच्या श्राद्धाला फोटोची फ्रेम आणली असेल. उघडलं तर आत काळी तबकडी! बारा इंची, नवीकोरी, जर्मनीहून मागवलेली. वर ना गायकाचा फोटो, ना गाण्याची यादी. मधल्या कागदावरची अक्षरंसुद्धा पुसट. किंमत सव्वीसशे रुपये.

"सव्वीसशे?" यांनी चष्मा काढून विचारलं. "आणि यात गाणारा कोण?"

"गाणारा नाहीये, अप्पा."

झालं! बँकेत तेहतीस वर्षं पै-पैचा हिशेब लावलेल्या माणसाला, गाणाराच नसलेल्या गाण्याचे सव्वीसशे कसे पटावेत? बाप-लेकात त्या रात्री जे वाजलं त्याला कुठल्याच प्लेअरची गरज नव्हती. विषय तबकडीवरून पगारावर गेला, पगारावरून लग्नावर आणि लग्नावरून "तुझं सगळंच असलं" यावर. त्यानंतर कितीतरी महिने दोघं एकमेकांशी माझ्यामार्फतच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी नातवाला हाक मारली. त्यांनी माळ्यावरून जुना प्लेअर काढायला लावला, बेल्ट बदलला, सुई बदलली आणि ती तबकडी लावली. मीही पदराला हात पुसत दारात उभी राहिले. आधी पाऊस पडतो आहे असा बारीक आवाज. मग खालून धम् धम् असा ठोका, अगदी एकसारखा. आणि त्यावर एकच सूरांचा झुपका, थांबून थांबून येणारा. येतो, पसरतो, लांब जातो, विरतो, पुन्हा येतो. पाच मिनिटं झाली, सात झाली, तेच. मामंजींना आता वरच्या पट्टीचं फारसं ऐकू येत नाही. त्यांनी स्पीकरच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं म्हणाले,

"तंबूरि ऐति, हाडोरु बंदिल्ल."

तंबोरा लागलाय, गाणारा अजून आलेला नाही! मला वाटतं, या संगीताचं याहून नेमकं वर्णन कुणा समीक्षकालाही जमलं नसतं.

या प्रकाराला डब टेक्नो म्हणतात, हे मला पोरानं सांगितलं. त्याची जन्मकथा मोठी ऐकण्यासारखी आहे. जमैका हे वेस्ट इंडीजमधलं बेट आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक. तिथं साठच्या दशकाच्या अखेरीस एक पद्धत पडली. रेकॉर्डच्या एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचं वादन, शब्द काढून टाकलेलं. किंग्स्टन शहरात ऑस्बोर्न रुडॉक नावाचा एक कारागीर होता. लोक त्याला किंग टबी म्हणत. धंदा काय, तर रेडिओ आणि ॲम्प्लीफायर दुरुस्त करणं, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणं! या माणसानं आपल्या घरातल्या छोट्या स्टुडिओत गाण्याचे धागे सुटे केले. मध्येच आवाज काढून टाकायचा, नुसते ढोल आणि बास ठेवायचे, मग गायकाचा एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. विहिरीत हाक मारल्यासारखा तो घुमत जातो. यालाच डब म्हणू लागले. आवाज जुळवणारा मिस्त्री तिथं स्वतःच कलाकार झाला. १९८९ साली किंग टबीचा घराबाहेर गोळी घालून खून झाला, पण त्याची ही युक्ती साऱ्या जगात गेली.

मामंजींना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी फक्त एक विचारलं, "ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुंडाळायचा होय?" आणि समाधानानं मान हलवली. आपल्या जातकुळीचा माणूस भेटला की होतं तसं.

तिकडे बर्लिनची भिंत १९८९ साली पडली. त्याच वर्षी त्या शहरात मार्क एर्नेस्टस यांनी हार्ड वॅक्स नावाचं रेकॉर्डचं दुकान काढलं. पुढं त्यांनी आणि मॉरित्झ फॉन ओस्वाल्ड यांनी मिळून १९९३ पासून बेसिक चॅनल या नावानं तबकड्या काढल्या. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचं टेक्नो, म्हणजे यंत्रांच्या ठोक्यावरचं नाचाचं संगीत, आणि जमैकाचा हा डब यांची त्यांनी सोयरीक जुळवली. ही मंडळी मुलाखती देण्यापासून लांब राहिली. तबकडीवरचं नावसुद्धा वाचता येऊ नये इतकं पुसट ठेवायची. नाव नको, चेहरा नको, नुसता नाद ऐका, असं काहीसं. आजही त्या वळणाच्या नव्या तबकड्या आणि कॅसेट जगभरातून निघत असतात, बहुधा दोनशे-तीनशे प्रतींच्या. माझ्या पोराचा पगार त्यातच जातो.

आता हे सगळं आपल्याला इतकं परकं आहे का? आपण हुबळी-धारवाडची माणसं. किराणा घराण्याचा सूर या मातीत मुरलेला. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आपल्या कुंदगोळचे आणि त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल आपल्या हुबळीच्या. एकच स्वर धरायचा, त्याच्या आत उतरत जायचं, घाई करायची नाही, ही या घराण्याची रीत. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की एका तारेतून दहा स्वर निघाल्याचा भास होतो. त्याला जवारी म्हणतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते या कारागिरीसाठीच. बर्लिनचे लोक यंत्राची बटणं फिरवून जे शोधतात, ते मिरजेचा कारागीर सुताच्या धाग्यानं शोधत आला. दोन्हीकडे स्वर एकच असतो आणि तो आतून हलत राहतो.

तबकडीचं म्हणाल तर आपलं नातं त्याहून जुनं. १९३०च्या दशकात गंगूबाईंच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड 'गांधारी हुबळी' या नावानं निघाल्या. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीत एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं बसायची. तासाचा ख्याल साडेतीन मिनिटांत! गदगचा एक लहान मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड दुकानात वाजताना ऐकायला शाळेतून येताजाता थांबायचा. १९३३ साली तो गाण्यासाठी घर सोडून पळाला. तेच आपले पंडित भीमसेन जोशी. त्यांनी पुढं मराठीत संतवाणी गायली, कन्नडमध्ये दासवाणी गायली आणि आमच्यासारख्या दुभाषी घरांचे किती तरी वाद आपसूक मिटवले. पण सुरुवात कुठं झाली? तर दुकानाबाहेर वाजणाऱ्या एका तबकडीपासून.

इलेक्ट्रो म्हणून आणखी एक प्रकार आहे. जर्मनीच्या क्राफ्टवर्क या मंडळींनी यंत्रांचं संगीत लोकप्रिय केलं. त्याला १९८२ साली न्यूयॉर्कच्या पोरांनी रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ठोका देणाऱ्या यंत्राची जोड दिली आणि हा प्रकार पुढं आला. गंमत अशी की त्याच वर्षी मुंबईतही एक माणूस हेच यंत्र घेऊन बसला होता. त्यांचं नाव चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार आणि की-बोर्ड वाजवणारे, आर. डी. बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे काम केलेले. त्यांनी सिंगापूरहून आणलेल्या यंत्रांवर भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र गिटारवाल्यांना साथ द्यायला म्हणून काढलेलं. ते एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं. ती घसर चरणजितजींनी मींडेसारखी वापरली.

एचएमव्हीनं ती रेकॉर्ड काढली. खपली नाही. ते यंत्रही खपलं नाही, १९८४ साली कंपनीनं बंद केलं. मग स्वस्तात मिळणारी ती यंत्रं शिकागोच्या तरुणांनी उचलली आणि १९८७ साली ॲसिड हाउस नावाचा नवा प्रकार जगापुढं आला. आणखी पंधरा वर्षांनी, २००२ साली, एका डच संग्राहकाला दिल्लीत ती जुनी भारतीय रेकॉर्ड सापडली. ऐकून तो चाट पडला. शिकागोच्या पाच वर्षं आधी हे मुंबईत? २०१० साली ती परदेशात पुन्हा छापली गेली. सत्तरीतल्या चरणजितजींना युरोपच्या मंचांवर बोलावणी आली, तरुण पोरं त्यांच्या यमनवर नाचली. २०१५ साली ते गेले. निदान जिवंतपणी त्यांना ते बघायला मिळालं.

आणखी एक. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आलं होतं. गीता साराभाईंसारख्या मंडळींनी १९७२ पर्यंत त्यावर प्रयोग केले. त्या टेप संस्थेत पडून होत्या. त्यातलं निवडक संगीत २०२३ साली तबकडीवर आलं, पन्नास वर्षांनी! कुणीतरी त्या टेप फेकून दिल्या नाहीत म्हणूनच ना?

हा 'कुणीतरी' माझ्या मनात घर करून राहिला. कारण मागच्या वर्षी जागेच्या मालकानं दुकान परत मागितलं. महिन्याची मुदत. भंगारवाला येऊन बघून गेला आणि सगळ्याचे मिळून चार हजार म्हणाला. यांना ते बरं वाटलं. एक कटकट मिटली! मामंजी गप्प. मी पोराला फोन केला. तो शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीनं आला. दोन मित्रांनाही घेऊन आला, एक मैसूरचा आणि एक मंगळूरचा.

ती पोरं दुकानात शिरली आणि देवळात शिरल्यासारखी हळू बोलायला लागली. बेल्ट बघून एक जण म्हणाला, "अज्जा, हे आम्हाला कुठंच मिळत नाहीत हो." मामंजी उठले. प्रत्येक डबा उघडून दाखवला. हा अमुक मॉडेलचा हेड, हा तमुक मोटारीचा रबर. चौदा वर्षं ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं तो माणूस चार तास सलग बोलत होता. पोरं मोबाइलवर लिहून घेत होती. हेड स्पिरिटनं कसं पुसायचं, बेल्ट सैल झाला की सूर कसा लडखडतो, हेडचा बारीक स्क्रू पाव फेरा फिरवला की दबलेला आवाज कसा उघडतो. दुपारी मी डबा घेऊन गेले तर जेवायचीही शुद्ध नाही कुणाला.

जगात याची गरज पुन्हा निर्माण झालीय, हे मला तेव्हा कळलं. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्ड खपल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर पहिल्यांदाच रेकॉर्डनं सीडीला मागं टाकलं. आपल्याकडेही मुंबईत २०२४ साली रेकॉर्ड छापायचं काम पुन्हा सुरू झालं. गाणी फुकट मिळायला लागली तेव्हाच लोकांना हातात धरायला काहीतरी हवंसं वाटलं, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावलाय. कॅसेटचं कारण तर अगदी साधं. नव्या पोराला पाचशे तबकड्या छापणं परवडत नाही, पन्नास कॅसेट घरच्या घरी भरता येतात.

आणि त्या आवराआवरीत ती कॅसेट सापडली.

वर फक्त 'टेस्ट' असं लिहिलेलं. टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला की आवाज भरून बघावा लागतो. मामंजी त्यासाठी एकच कॅसेट पुन्हा पुन्हा वापरत. दुपारी अत्ती डबा घेऊन दुकानात गेल्या की त्यांनाच माइकपुढं बसवत. त्या आधी आकडे मोजत, "ओंदु, एरडु, मूरु..." मग कंटाळून काहीतरी गुणगुणत. कधी जात्यावरचं कन्नड पद, कधी मी शिकवलेली मराठी ओवी. अत्तींना जाऊन आता बरीच वर्षं झाली, २००७ सालची गोष्ट. घरात त्यांचे फोटो आहेत, लुगडी आहेत, सांडगे घालायचं सूप आहे. आवाज कुठंच नव्हता.

टेपला बुरशी धरलेली. आतली फेल्टची गादी गळून पडलेली, त्यामुळे टेप हेडला नीट टेकतच नव्हती. आज्या-नातवानं पाच स्क्रू काढून ती उघडली. टेप जेमतेम चार मिलिमीटर रुंद आणि साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे नव्वद मीटर असते. मऊ सुती कापडातून ती सगळी हळूहळू ओढून पुसली आणि दुसऱ्या घरट्यात बसवली. मामंजी म्हणाले, एकदाच वाजवायची. त्याच वेळी संगणकात भरून घ्यायची, पुन्हा धरेल न धरेल.

वाजली. आधी खरखर. मग अगदी बारीक, लांबून आल्यासारखं "ओंदु", आणि लगेच मोठ्यानं "ओंदु". मग पुन्हा पुसट "ओंदु". प्रत्येक आकडा तीनदा! मी दचकले. पोरगा तर उडालाच. "अज्जा, हा इको कुठून आला?" मामंजींनी समजावलं. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यांत थोडं उतरतं. त्यामुळे मूळ आवाजाच्या आधी आणि नंतर त्याची सावली ऐकू येते. म्हणून कॅसेट अधूनमधून फिरवून ठेवायची असते. जे जमैकाचा टबी यंत्रानं करत होता, ते आमच्या अत्तींच्या आवाजाला काळानंच केलं होतं.

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. पोरगा स्वतःही हे संगीत करतो, पन्नास कॅसेट काढायचं त्याच्या मनात होतं. त्यानं विचारलं, अज्जीचा आवाज त्यात घेऊ का?

हे उसळले. आईचा आवाज बाजारात? नाचायच्या गाण्यात? ज्या बाईनं जन्मात चारचौघांत तोंड उघडलं नाही, तिचा आवाज कुठल्या तरी परमुलखात अनोळखी लोकांनी ऐकायचा? पोराचं म्हणणं, अज्जी विसरली जाण्यापेक्षा कुणीतरी ऐकलेली बरी नाही का? मला दोघांचंही पटत होतं. एका बाजूला माझा नवरा होता, पण त्याहीपेक्षा आई गेलेला मुलगा होता. आणि गेलेल्या माणसाला विचारायचं कसं, याला दोन्ही भाषांत उत्तर नाही.

निर्णय मामंजींवर आला. त्यांनी तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी चहा पिताना नातवाला म्हणाले,

"येणिसिद्दु तगो. पद मनीदु."

मोजलेलं घे. पद घरचं. आकडे तिनं दुकानासाठी, कामासाठी म्हटले होते, ते बाहेर गेले तरी चालतील. पद मात्र ती स्वतःसाठी गुणगुणत होती, ते घराबाहेर जाणार नाही. यांच्याकडे बघून विचारलं, "चालेल?" यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कप उचलून आत गेले.

पोरानं पन्नास कॅसेट भरल्या. भरायचं यंत्र मामंजींनी जुळवून दिलं. अकरा मिनिटांच्या एका तुकड्यात अत्ती एक ते दहा मोजतात. दहा म्हणजे "हत्तु" हा शब्द लांब लांब जात राहतो, दूरवर गेलेल्या गाडीसारखा. एकतीस कॅसेट गेल्या, त्यातल्या काही परदेशातही. कुणीतरी विचारलं म्हणे, ही बाई कुठल्या भाषेत बोलते? पोरानं कळवलं, कन्नड, पण त्यांना मराठी ओव्याही येत होत्या.

यांनी ती कॅसेट अजून ऐकलेली नाही. घरातलं पद मात्र, संगणकात भरून घेतलेलं, एकदा रात्री त्यांच्या खोलीतून ऐकू आलं. मी दार लोटून घेतलं. बाप-लेक आता थेट बोलतात. विषय अजूनही पगार आणि लग्न हाच असतो, पण बोलतात. दुकानाची जागा गेली. डबे आमच्या माडीवर आले आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुठलं तरी पोरगं हातात जुना टेपरेकॉर्डर घेऊन मामंजींना शोधत येतं. त्या दिवशी मामंजी सकाळीच दाढी करून बसतात.

वाचकहो, हे संगीत तुम्ही ऐकलंच पाहिजे असा माझा आग्रह नाही. मलाही सात मिनिटांच्या वर झेपत नाही. पण तुमच्या माळ्यावर, बैठकीच्या कपाटात, जुन्या ट्रंकेत कॅसेट असतीलच. लग्नातली मंगलाष्टकं, सोबाने पदं, नातवाचे बोबडे बोल, गेलेल्या आईनं सहज मारलेली हाक. वरचं लेबल बघून फेकू नका. 'टेस्ट' लिहिलेल्या कॅसेटमध्ये काय असेल ते सांगता येत नाही. ऊन, ओल आणि स्पीकरचं चुंबक यांपासून लांब ठेवा. बुरशी दिसली तर तशीच प्लेअरमध्ये घालू नका, आधी जाणत्याकडून पुसून घ्या. फार दिवस पडून असलेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत आणि परत फिरवून मग वाजवा, आणि वाजवताना भरून घ्या. आणि हो, त्यातला आवाज कुणाला ऐकवायचा नि कुणाला नाही, हे घरातली मोठी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून ठेवा.

आपल्याकडचा पावसाळा लांबतो, ओल भिंतीत शिरते. मृगाच्या आधी एक दुपार काढून माळा बघाच.